फट कोणाची, शिक्षा कोणाला?

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला बहिणीकडे गेलो, तेव्हा घरात काहीतरी बिनसले असल्याचे दारातच लक्षात आले. एरवी मामा आला म्हटल्यावर जिन्यातच बॅग हातातून घेणारा भाचा आपल्या खोलीचे दार लावून बसला होता. बहीण फराळाची ताटली पुढे ठेवत म्हणाली, ‘‘त्याला शिक्षा झालीय.’’ मला वाटले, कॉलेजात काही प्रताप केला असेल. तसे नव्हते. मोबाइलवर तो जो लढाईचा खेळ खेळतो, त्या खेळातून कंपनीने त्याला ३० दिवसांसाठी हाकलले होते.

गुन्हा असा. त्या खेळात एका पडक्या गोदामाची भिंत आहे. तिच्या एका कोपऱ्यात विशिष्ट तऱ्हेने उडी मारली, की खेळाडू भिंतीच्या आत शिरतो. आत बसलेल्याला बाहेरचे सगळे दिसतात, त्याची गोळी बाहेर जाते. बाहेरच्यांची गोळी मात्र त्याला लागत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हातून राहून गेलेली ही फट. अशा चुकीला संगणकाच्या व्यवहारात ‘बग’ म्हणतात. भाच्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी चार दिवस त्या भिंतीत मुक्काम ठोकला, पुष्कळ लोकांना लोळवले, पुष्कळ गुण कमावले. पाचव्या दिवशी कंपनीचा चार ओळींचा संदेश आला आणि खाते बंद झाले. त्या खात्यात त्याने वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले पोशाख नि बंदुका होत्या, दोन वर्षांची मेहनत होती आणि पुढच्या आठवड्यातल्या एका स्पर्धेत संघाचे नाव नोंदलेले होते.

‘‘मी हॅकिंग नाही केलं, मामा,’’ तो शेवटी खोलीबाहेर येऊन म्हणाला. ‘‘कुठलं सॉफ्टवेअर टाकलं नाही. गेमनेच आत जाऊ दिलं.’’ दिवसभर त्याच्यावर करवादणारी बहीण एकदम त्याच्या बाजूने झाली. ‘‘खरंच की! भिंत त्यांनीच बांधली ना? मग धड बांधायची!’’ आमचे वडील हल्ली तिच्याकडेच असतात. त्यांची उभी हयात बँकेत गेली, त्यातली बरीचशी कॅशच्या पिंजऱ्यात. ते चकली मोडत म्हणाले, ‘‘आमच्या काउंटरवरून कोणाला नोटा जास्त गेल्या, तर त्यानं आणून द्यायच्या. जाणूनबुजून ठेवून घेतल्या तर तो लबाडच. पण संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर तूट माझ्या खिशातून जायची, हेही विसरू नका.’’

एवढे बोलून वडील चहाकडे वळले, पण माझ्या डोक्यात ते वाक्य राहिले. कारण या वादाच्या दोन्ही बाजू त्यात आहेत, आणि खेळ चालवणाऱ्या कंपन्या त्यातली एकच बाजू ऐकतात.

भाच्याने सांगितलेला फरक खरा आहे, हे आधी मान्य करायला हवे. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला झालेल्या एका स्पर्धेत भारतीय संघातल्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम आपोआप साधून देणारा प्रोग्रॅम सापडला. संघ स्पर्धेतून बाद झाला, पुढे बरखास्तच झाला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. त्याविषयी कोणी फारशी हळहळ व्यक्त केली नाही आणि करायचे कारणही नव्हते. फाशांत शिसे भरून आणणाऱ्याचा तो प्रकार. बग वापरणारा बाहेरून काही आणत नाही. पटावर जे आहे तेच तो वापरतो.

शिवाय संगणकावरच्या खेळात एक गंमत आहे, जी आपल्या पिढीच्या खेळांत नव्हती. कॅरम घ्या. सोंगट्या बोर्डवर असतात आणि नियम खेळणाऱ्यांच्या डोक्यात. स्ट्रायकर रेषेला टेकला नाही, हे बोर्डाला कळत नाही. समोरचा ओरडतो, मग भांडण होते, मग सोंगटी परत ठेवावी लागते. संगणकाच्या खेळात बोर्ड आणि नियम ही एकच वस्तू असते. भिंतीतून जाऊ नये, असा तिथे नियम नसतो. भिंतीतून जाता येत नाही, एवढेच असते. मग एके दिवशी जाता आले, तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ते नियमात बसते असे समजावे की नाही? क्रिकेटला लिहिलेले नियम असूनही हा घोळ झालाच. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता, तेव्हा ट्रेव्हर चॅपेलने भावाच्या सांगण्यावरून चेंडू सरपटत टाकला. साऱ्या जगाने छी-थू केली. पण निकाल बदलला नाही, चॅपेल बंधूंना खेळातून कोणी काढले नाही. पुढे नियम तेवढा बदलला. फट नियमकर्त्यांची होती, ती त्यांनी बुजवली.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू बहिणीला पटवणे कठीण गेले. घरात एकट्याने खेळायचे खेळ होते, तेव्हा फटी शोधणे हा निखळ आनंद होता. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर ‘कॉन्ट्रा’ खेळताना बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली की तीस ‘लाइफ’ मिळत. ती काही चूक नव्हती, बनवणाऱ्यांनीच ठेवलेली युक्ती होती. पण चूक असती तरी बिघडले नसते. मरत होते ते पडद्यावरचे राक्षस. आता पडद्यावर जो पडतो त्याच्या मागे कोणीतरी बसलेले असते. कोणी सोलापूरचा मुलगा, कोणी जाकार्ताची मुलगी. तासभर खेळून वर आलेल्याला अदृश्य भिंतीतून गोळी लागते, आणि आपण कुठे चुकलो हे त्याला कधीच कळत नाही. आपल्या लहानपणी याला रडीचा डाव म्हणत आणि तो खेळणाऱ्याला चार दिवस कोणी डावात घेत नसे. त्या अर्थाने खेळातून काही दिवस बाहेर काढणे ही शिक्षा अगदी जुनी आहे आणि गल्लीला ती नेहमीच योग्य वाटत आली आहे.

मग वाद कशाचा? वाद प्रमाणाचा आहे, आणि न्याय कोण करतो याचा आहे. त्यासाठी जरा मागे जाऊ.

पुष्कळ माणसांनी एकत्र वावरायचे, चित्रांनी भरलेले असे पहिल्यावहिल्या जगांपैकी एक होते ‘हॅबिटॅट’. ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज लुकासच्या कंपनीने ते बनवले आणि १९८६ साली कमोडोर ६४ या घरगुती संगणकांवर, टेलिफोनच्या तारेवरून त्याची चाचणी सुरू झाली. त्या जगात ‘टोकन’ नावाचे चलन होते. वस्तू विकणारी यंत्रे होती, आणि जुन्या वस्तू परत विकत घेणारी यंत्रेही. गावात दोन ठिकाणी भाव ठरवताना चूक झाली. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळे, तीच दुसरे यंत्र १०० टोकनांना परत घेई. स्फटिकाचा गोळा १८ हजारांना मिळे आणि ३० हजारांना खपे. काही जणांच्या हे ध्यानात आले. एका रात्री जवळचे सगळे टोकन घेऊन ते बाहुल्या खरेदी करू लागले. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तासन्‌तास खेपा घातल्या, गोळ्यापुरते पैसे जमले, मग गोळ्यांच्या खेपा सुरू झाल्या. सकाळी चालकांनी आकडे पाहिले, तर त्या जगातले एकूण चलन रातोरात पाचपट झालेले!

चालक होते चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर. पुढे १९९० साली त्यांनी या साऱ्या अनुभवावर एक निबंध लिहिला, तो आजही अशा जगांचा विचार करणारे लोक वाचतात. त्यांनी त्या नवकोट नारायणांची खाती गोठवली नाहीत. त्यांना पत्र पाठवून विचारले, की बाबांनो, एवढा पैसा आला कुठून? उत्तर आले, की आम्ही तो सरळ मार्गाने मिळवला आहे आणि कसा ते सांगणार नाही. चालकांनी पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा त्यांनी गुपित सांगितले. भाव दुरुस्त झाले. आणि त्या श्रीमंतांनी बहुतेक पैसा खर्च कशावर करावा? इतरांसाठी गुप्तधन शोधण्याचे खेळ भरवण्यावर! सगळ्या गावाची करमणूक झाली.

मला ही गोष्ट आवडते. पण तिच्यावरून कायदा ठरवता येणार नाही. ते जग लहान होते, चालक रहिवाशांना नावाने ओळखत होते आणि रहिवासी भले निघाले. दहा वर्षांनी चित्र बदलले.

ऑगस्ट १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाची चाचणी चालली होती. खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट त्यात ‘लॉर्ड ब्रिटिश’ नावाचा राजा होऊन प्रजेला दर्शन द्यायला आला. राजाला मरण नाही अशी सोय होती. पण मध्येच संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि ती सोय पुन्हा लावायचे राजेसाहेब विसरले. ‘रेंझ’ या नावाने खेळणाऱ्या एकाने आगीचा मंत्र टाकला आणि राजा सर्वांदेखत मेला. नंतर जे घडले ते फार बोलके आहे. चालकांनी जमावावर राक्षस सोडले आणि नुसते बघायला आलेले निरपराध लोकही मारले गेले. रेंझची चाचणीतून हकालपट्टी झाली. कंपनीने सांगितले, की राजहत्येसाठी नव्हे. त्याने आधी बग शोधून ते न कळवता वापरले होते, म्हणून. असेलही तसे. पण सामान्य खेळाडूंना ते पटले नाही, आणि पटावे तरी कसे? राजा मरतो, दुसऱ्या दिवशी मारेकऱ्याचे जुने गुन्हे बाहेर निघतात. जुने गुन्हे खरे असले, तरी ते शोधायची वेळ संशय निर्माण करते. चूक राजाची, अपमान राजाचा आणि न्यायासनावरही राजाच!

२०१० च्या फेब्रुवारीतला प्रसंग याहून अवघड आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘लिच किंग’ नावाचा महाबलाढ्य शत्रू होता. पंचवीस जणांच्या चमूने त्याला पहिल्यांदा कोण मारतो, याची जगभर चुरस होती. ‘एन्सिडिया’ या युरोपातल्या चमूने मारले आणि आनंदोत्सव संपतो न संपतो तोच कंपनीने चमूला ७२ तास बाहेर काढले, मिळालेली लूट आणि मान काढून घेतला. कारण काय, तर ज्या चौथऱ्यावर ही लढाई होते, त्याच्या कडा लढाईच्या ओघात कोसळतात आणि खेळाडू खाली पडतात. चमूतला एक जण एक विशिष्ट बाँब वापरत होता. त्या बाँबमुळे, प्रोग्रॅममधल्या चुकीने, कोसळलेल्या कडा परत उभ्या राहत. चमूचे म्हणणे, की तो गडी हा बाँब प्रत्येक लढाईत सवयीने वापरतो, आम्हाला कल्पना नव्हती. कंपनीचे म्हणणे, की कडा परत येताना दिसत असूनही तुम्ही वापरत राहिलात. खरे कोणाचे, हे आपण इथून ठरवू शकत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. मान आणि लूट काढून घेणे योग्यच होते. तो विजय खऱ्या लढाईचा नव्हता. हेतू काहीही असो. ७२ तासांच्या शिक्षेसाठी मात्र हेतू सिद्ध व्हायला हवा होता.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ सांगते, की चुकून कोणाकडे पैसे किंवा वस्तू गेली, तर त्याने ती परत केली पाहिजे. तिथे घेणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशी नाही. तुझे नव्हते, परत दे, संपले. शिक्षा करायची म्हटली, की फौजदारी कायदा येतो आणि तिथे अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. आमच्या वडिलांच्या काउंटरवरही हाच न्याय होता. जास्त नोटा गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बँकेत आला आणि पैसे ठेवले, तर त्याला चहा मिळे.

कंपन्यांनाही हे जमू शकते. २०१२ साली ‘गिल्ड वॉर्स २’ नुकताच सुरू झाला होता, तेव्हा एका दुकानातली काही शस्त्रे चुकून मातीमोल भावाने विक्रीला लागली. ज्यांनी ती ढिगाने उचलली, त्यांना कायमचे बाहेर काढले गेले. ओरड झाली. मग कंपनीने सांगितले, की असा प्रसंग पहिलाच आहे. या मार्गाने मिळवलेले जे काही असेल ते नष्ट करायचे कबूल करा, कायमची बंदी ७२ तासांवर आणू. आधी फाशी आणि मग माफी, हा क्रम उलटा झाला खरा. पण मला वाटते, निवाडा योग्य ठिकाणी येऊन थांबला.

याहूनही नीट चौकशी झाली ती २०२० मध्ये, ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाबाबत. तिथे व्यावसायिक संघांना प्रशिक्षक असतात. सामना चालू असताना प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूंना दिसते तेवढेच पाहायचे असते. एका बगमुळे त्याचा कॅमेरा नकाशावर भलत्याच जागी अडकून बसे आणि तिथून प्रतिपक्षाच्या हालचाली दिसत. कोणी मुद्दाम अडकवून घेई, कोणाचा नकळत अडके. सामन्यांच्या साठवलेल्या चित्रणांवरून २०१६ पासूनचे प्रकार बाहेर निघाले. ईस्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशन ही खेळ बनवणाऱ्या कंपनीहून वेगळी संस्था. तिने आपण होऊन कबूल करायला मुदत दिली, किती फेऱ्या पाहिले याचा हिशेब केला, कबुलीजबाब देणाऱ्यांना सूट दिली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ३७ प्रशिक्षकांना काही महिन्यांपासून ३६ महिन्यांपर्यंत बंदी केली. हे प्रशिक्षक पगारी होते, स्पर्धांना बक्षिसे होती, म्हणून शिक्षा कडक असणे स्वाभाविक. तरीही सगळ्यांना एकाच काठीने हाकले नाही.

आता भाच्याचे खाते बघा. त्याला मिळालेल्या चार ओळींत आरोप काय, पुरावा काय, हे नव्हते. ‘अटींचा भंग’ एवढेच. अपील करायला एक रकाना होता, त्यात लिहिलेले वाचणार तीच कंपनी. ज्या अटींचा भंग झाला, त्या पानेच्या पाने अटी त्याने न वाचता मान्य केल्या होत्या. पण तुमच्या-माझ्यापैकी तरी कोण वाचतो? आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायची मोकळीक एका पक्षाला देणारी अट त्यात बसू शकते. तीन मुलांच्या तीस दिवसांसाठी कोणी ग्राहक आयोगाकडे जाणार नाही, हे उघड आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हणायचा, तर खेळाडूची बाजू ऐकून घेणारा पंचही लागेल, आणि तो खेळाच्या दुकानदाराचा नोकर असून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट राहतेच. भिंतीतून ज्यांना गोळ्या लागल्या, त्यांना काय मिळाले? भाच्याचे गुण गेले, पण हरलेल्यांचे गुण त्यांना परत मिळाले नाहीत. दिलगिरीचा एक शब्दही त्यांच्यापर्यंत गेला नाही. कॅश जुळली नाही, तर कॅशियरच्या खिशाला चाट बसायची; इथे कॅशियरच पोलीस होऊन आला आणि तूट ग्राहकांवर टाकून गेला. माझ्या मते कंपनीचा खरा अपराध भिंतीतली फट नाही. इतका मोठा प्रोग्रॅम लिहिला, की फटी राहणारच. अपराध हा, की फट दाखवणाऱ्यासाठी तिने काही ठेवलेले नाही. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या इंटरनेटच्या प्रोग्रॅममधल्या चुका दाखवणाऱ्यांना बक्षीस देण्याची प्रथा सुरू केली. आज मोठमोठ्या संगणक कंपन्या ती पाळतात. खेळातली भिंत दाखवणाऱ्या मुलाला एखादा पोशाख दिला, तर कंपनीला दमडीचा खर्च नाही.

हे सगळे खरे असले, तरी भाच्याला मी सोडले नाही. निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर त्याला विचारले, ‘‘ही चूक आहे, हे तुला कधी कळलं?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘पहिल्याच दिवशी.’’

‘‘मग कळवलं का नाहीस?’’

‘‘कळवलं असतं तर त्यांनी बंद केली असती ना!’’

म्हणजे हेतू होता, आणि लपवणेही होते. कमावलेले गुण काढून घ्यावेत आणि पहिल्या वेळी आठवडाभर बाहेर बसवावे, असा माझा निवाडा. त्याला तो मान्य झाला, बहिणीला नाही. वडिलांनी आठवड्याचे पंधरा दिवस केले.

तीस दिवस संपून महिना झाला. गोदामाची भिंत कंपनीने बुजवली आहे. मध्यंतरी भाच्याला एका पुलाखाली तशीच दुसरी जागा सापडली. या वेळी त्याने तिचे चित्रण करून कंपनीला पाठवले. आभाराचे छापील उत्तर आणि तक्रारीचा अकरा आकडी क्रमांक आला. परवा फोनवर विचारले, तेव्हा म्हणाला, की पूल तसाच आहे आणि आता तिथे दुसरी मुले बसतात.